एसटी ठाण्याच्या आवारात : एका चोरीच्या फिर्यादीचा प्रकरण अभ्यास

मे महिन्यातला रविवार, ऐन लगीनसराई. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बस स्थानकातून गडहिंग्लजला निघालेली एसटी बाराला दहा कमी असताना महामार्गाजवळच्या एका पोलीस ठाण्याच्या आवारात शिरली. चालकानं इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही. आत पन्नासेक प्रवासी, निम्म्याहून जास्त बायका. पुढच्या सीटवर अडुसष्ट वर्षांच्या एक आजी कापडी पिशवी छातीशी धरून रडत होत्या. मागून कोणीतरी ओरडत होतं, "दार उघडू नका, चोर आतच हाय!"

प्रभारी अधिकारी बंदोबस्ताला गेले होते. ठाण्यात हजर असलेल्यांत सगळ्यात वरचा अधिकारी म्हणजे नाशिकच्या पोलीस अकादमीतून बाहेर पडून तीन आठवडे झालेला एक परिविक्षाधीन उपनिरीक्षक. सोबत ठाणे अंमलदार म्हणून बसलेले, बावीस वर्षं नोकरी झालेले हवालदार, दोन शिपाई आणि एक महिला शिपाई.

पुढच्या पावणेदोन तासांत या मंडळींनी काय केलं, काय राहून गेलं आणि त्याचे पडसाद कुठवर गेले, हे मी नव्या उपनिरीक्षकांसमोर मांडत असतो. खात्यातून निवृत्त झालो तरी अधूनमधून बोलायला बोलावतात. ठाण्याचं आणि माणसांची नावं काढून टाकली आहेत, बसची वेळ आणि आजींचं गाव बदललं आहे. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. जुन्या अंमलदारांच्या तोंडात अजून जुन्या कायद्यांतले ३७९ (चोरी), १५४ (फिर्याद), ४१ (अटक) हेच आकडे होते आणि नव्यांच्या डोक्यात नवे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

आजींचं असं झालं होतं. नातीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. त्या कसबा बावड्याच्या लेकीकडं ठेवायला दिलेले दागिने घेऊन गावी निघाल्या होत्या. एक गंठण आणि एक बोरमाळ, सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या डबीत. डबी बटव्यात, बटवा पिशवीत साडीच्या घडीखाली. बस सुटल्यावर वाहक तिकीट काढत आला. अर्ध्या तिकिटाचे पैसे काढायला आजींनी पिशवीत हात घातला तर हात खालून बाहेर आला. पिशवीला ब्लेड मारलं होतं.

"हद्द आपली न्हाई"

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांना बाजूला नेऊन सांगितलं, "साहेब, हे स्टँडवर घडलंय. आपली हद्द न्हाई. आजींस्नी तिकडच्या ठाण्यात पाठवूया. बसची तेवढी झडती घेऊया आणि सोडून देऊया."

मी हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि नव्या पोरांना विचारतो, यात चुका किती? बहुतेकजण एक सांगतात. चुका दोन आहेत आणि गंमत म्हणजे त्या एकमेकींच्या विरुद्ध तोंड करून उभ्या आहेत. हद्द नाही म्हणून फिर्याद घ्यायची नाही, पण झडती मात्र घ्यायची! फिर्यादच नाही तर झडती कशाच्या आधारावर?

हद्दीचा प्रश्न नव्या कायद्यानं निकालात काढला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(१) मध्ये स्पष्ट शब्द आहेत की दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कुठल्याही क्षेत्रात घडलेला असला तरी, देता येते. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायचा आणि कागद संबंधित ठाण्याला पाठवायचे. आधी हे परिपत्रकांवर आणि निकालांवर चालायचं, आता थेट कायद्यात आहे. खबरीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणं बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलं होतं. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, ही १७३(३) ची सवलत नवी आहे. पण तीही "आधी चौकशी करून बघू, मग लिहू" असं स्वतःच्या मनानं ठरवायला दिलेली नाही.

मी पोरांना आणखी एक विचारतो. ही बस न थांबता कागलच्या पुढं गेली असती, दूधगंगा ओलांडून कोगनोळी नाक्यापलीकडं पोचली असती, तर? तिथं कर्नाटक लागतं. तरीही तिथल्या ठाण्याला शून्य क्रमांकानं फिर्याद घेऊन कोल्हापूरला पाठवावी लागली असती. आपल्याकडच्या सीमाभागातल्या माणसाला हे माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण निपाणी, संकेश्वरमार्गे जाणाऱ्या कितीतरी गाड्या वाटेत राज्य बदलतात.

"प्रभारी साहेब आले की बघू" हेही हवालदार म्हणाले होते. प्रभारी गैरहजर असतील तर हजर असलेल्यांतला, शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा जो पुढचा अधिकारी, तो कायद्यानं प्रभारीच असतो. त्या दिवशी ते उपनिरीक्षक होते. ते नसते तर खुद्द हवालदार होते.

उपनिरीक्षकांनी इथं ठाम निर्णय घेतला. ते म्हणाले, "फिर्याद मी घेतो, इथंच."

पंचवीस मिनिटं आणि एक तांब्याची तार

त्यांनी आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वाहकाला बाहेर थांबायला सांगितलं. ही शेवटची गोष्ट साधी वाटते, पण तोवर आजींच्या वतीनं वाहकच बोलत होता आणि हवालदार त्याचंच कच्चं टिपून घेत होते. फिर्याद ज्याची त्याच्या तोंडून यायला हवी.

मग पंचवीस मिनिटं ते नुसते दागिन्यांबद्दल विचारत बसले. बाहेर बस पेटायची वेळ आली होती. उन्हात पत्रा तापलेला, लेकरं रडताहेत, एका तरुणाला दवाखान्याची वेळ गाठायची होती. हवालदार दोनदा आत डोकावून गेले. तरी हे गडी विचारतच होते. गंठणाला वाट्या किती? मणी काळे आहेत का, पोवळ्याचेही आहेत? कधी केलं? कुठं दुरुस्त केलं का?

"माज्या लग्नातलं हाय बाबा," आजी म्हणाल्या. "फासा तुटलाय त्याचा. मालकांनी मोटारीच्या वायरची तांब्याची तार काढून बांधून दिली हुती. नंतर नीट करायचंच राहिलं."

हे वाक्य फिर्यादीत जसंच्या तसं आलं. वजनाचंही तसंच. आजी म्हणाल्या, "अडीच तोळं." हवालदारांनी सवयीनं "म्हणजे २५ ग्रॅम" असं लिहायला सांगितलं. आजचा सराफ तोळा म्हणजे दहा ग्रॅमच धरतो. पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, आणि आजींचं लग्न झालं तेव्हा खेड्यातल्या सराफाच्या काट्यावर तोच चालायचा. उपनिरीक्षकांना हा हिशेब माहीत होता असं नाही. त्यांनी मला नंतर सांगितलं, "सर, त्या तोळे म्हणाल्या म्हणून मी तोळे लिहिलं, एवढंच." कधी कधी एवढंच पुरतं.

वेळेच्या बाबतीतही काम चांगलं झालं. वाहकाच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटावर ११.३४ ची वेळ होती. ते तिकीट त्यांनी ताब्यात घेतलं. म्हणजे चोरी ११.३४ च्या आधी कळली, याला कागदी पुरावा मिळाला.

कलम कोणतं लावायचं यावर मात्र खल झाला. स्टँडवरच्या गर्दीत पिशवी कापली असेल तर साधी चोरी, न्याय संहितेचं कलम ३०३(२), शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बसमध्ये चढल्यावर कापली असेल तर प्रवासी वाहनातून वस्तूची चोरी, कलम ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत. एका पायरीचं अंतर आणि शिक्षेत चार वर्षांचा फरक. आजींना तर कुठं कापली ते माहीतच नव्हतं. शिपायांपैकी एकजण उत्साहानं म्हणाला, "साहेब, ११२ लावा, टोळी असणार." कलम ११२ किरकोळ संघटित गुन्ह्याचं, त्यात खिसेकापू टोळ्याही येतात. पण टोळीचा एकही माणूस दिसलेला नसताना टोळीचं कलम लावणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी अक्षता वाटणं. उपनिरीक्षकांनी ३०३(२) वर थांबायचं ठरवलं. पुरावा आला की कलम वाढवता येतं. माझ्या मते हे बरोबर होतं.

फिर्याद वाचून दाखवली, आजींनी अंगठा न लावता सावकाश सही केली, आणि नक्कल मोफत हातात दिली. १७३(२) प्रमाणे ती द्यावीच लागते, मागावी लागत नाही.

इथवर मी या उपनिरीक्षकांना दहापैकी नऊ देतो. एक गुण कापतो तो पिशवीसाठी. ब्लेड मारलेली पिशवी, म्हणजे या गुन्ह्यातली त्या क्षणी हाती असलेली एकमेव वस्तू, आजींच्या मांडीवरच राहिली. कोणाला ती जप्त करायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर शिपाई कसबा बावड्याला गेला. लेकीनं आईची पिशवी सुईदोरा घेऊन नीट शिवून ठेवली होती! पंचनाम्यात मग लिहावं लागलं, "खालील बाजूस पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली." बचाव पक्षाचा वकील हा पांढरा दोरा सोडेल का?

बसमधल्या त्या दोघी

आता या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग.

फिर्याद घेणं चालू असताना बाहेर न्यायनिवाडा उरकलाही होता. बसच्या शेवटच्या बाकावर दोन बायका होत्या, एकीच्या कडेवर मूल. सोबत गाठोडं, त्यात विकायला नेलेल्या सुया, पिना, पोत, मणी. साऱ्या बसचं बोट त्यांच्याकडं. "ह्याच बायका. दुसरं कोण करणार?" कोणी त्यांना आजींजवळ उभं बघितलं होतं का? नाही. त्या आजींच्या आधी चढल्या होत्या की नंतर? कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांचं राहणं, नेसणं आणि गाठोडं एवढ्यावरच आरोप उभा होता.

उपनिरीक्षकांनी बाहेर येऊन बस बघितली, गर्दीचा आवाज ऐकला, आणि महिला शिपायाला सांगितलं की आधी या दोघींची झडती घे. तिनं आडोशाला नेऊन, सभ्यपणानं घेतली. काही मिळालं नाही. पण तोवर एका शिपायानं त्यांचं गाठोडं ध्वजस्तंभाजवळ सगळ्यांसमोर उलटं केलं होतं. मणी फरशीवर पसरले. दुसऱ्या शिपायानं दोघींचे फोटो आपल्या मोबाइलवर काढले आणि ठाण्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. ठाणे दैनंदिनीत नोंद झाली, "दोन संशयित महिला मिळून आल्या."

आता कायदा काय म्हणतो ते बघू. 'ठिकाण' या शब्दाच्या व्याख्येत वाहनही येतं, त्यामुळं एसटी हे झडती घेण्यासारखं ठिकाण आहे, यात वाद नाही. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ खाली, वॉरंटची वाट बघण्यात उशीर होणार असेल तर, झडती घेता येते. पण आधी आपल्याला तसं का वाटतं आणि कोणती वस्तू शोधायची आहे, हे केस डायरीत लिहावं लागतं. केस डायरी कधी सुरू होते? गुन्हा दाखल झाल्यावर. म्हणून मी म्हणतो, फिर्याद आधी. त्या दिवशी झडती फिर्यादीवर सही व्हायच्या दहा मिनिटं आधीच झाली होती.

त्या ठिकाणी असलेल्या माणसाच्या अंगझडतीसाठी कलम १०३(३) आहे. त्या माणसानं वस्तू अंगावर लपवली असावी असा वाजवी संशय हवा. स्त्री असेल तर झडती स्त्रीनंच, सभ्यतेची पूर्ण काळजी घेऊन. वाजवी संशय म्हणजे काय हा खरा प्रश्न. "मी तिला आजीच्या पिशवीजवळ हात नेताना बघितलं" हा संशय. "ती त्यांच्यातली दिसते" याला संशय म्हणत नाहीत.

झडतीचं दृकश्राव्य चित्रण कलम १०५ नं सक्तीचं केलं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडं पाठवायचं असतं. १८५ खालच्या नोंदींच्या प्रतीही अठ्ठेचाळीस तासांच्या आत जायला हव्यात. यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे. त्या दिवशी ते कोणी उघडलंच नाही. व्हॉट्सॲपवर मात्र फोटो फिरले, आणि त्याला तर कुठलाच आधार नव्हता. गुन्हेगार ओळख कायदा २०२२ मध्ये आला, पण तो शिक्षा झालेल्या, अटक झालेल्या, स्थानबद्ध केलेल्या माणसांसाठी. तिकीट काढून बसलेल्या प्रवाशासाठी नाही.

या ठिकाणी मी जरा थांबतो आणि पोरांना इतिहास सांगतो. कंटाळा येतो त्यांना, दिसतं मला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, जन्मावरून माणसाला चोर ठरवणारा, ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, याच करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी काही जातींच्या मानेवरची सक्तीची हजेरी हुकूम काढून बंद केली होती. ज्या गावात हे घडलं, त्याच गावच्या ठाण्याच्या आवारात शंभरावर वर्षांनी दोन बायकांचं गाठोडं उलटं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांनाही बजावलं की विमुक्त जमातींच्या, म्हणजे १९५२ मध्ये त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, माणसांची मनमानी धरपकड होऊ नये. तो निकाल या प्रसंगाच्या सात महिने आधीचा.

उरलेल्या प्रवाशांनी "आमचीबी बघा" म्हणून पिशव्या स्वतःहून उघडून दाखवल्या. त्यातही काही निघालं नाही. पावणेदोनच्या सुमारास बस सुटली. वाहकाचा आणि आजींच्या शेजारच्या बाईचा, असे दोन जबाब घेतले, पण बाकीच्यांची नावं आणि फोन नंबर घ्यायचं राहिलं. पन्नास साक्षीदार गडहिंग्लजच्या दिशेनं निघून गेले.

आणि एक फोन. बस स्थानकाच्या हद्दीतल्या ठाण्याला पहिला फोन १२.५० ला गेला, म्हणजे बस आवारात आल्यावर तब्बल तासाभरानं. सगळ्यांचं डोकं बसमध्ये अडकलं होतं. चोर बसमध्ये चढलाच नसेल, हा विचार त्या तासात कोणाच्याही मनात आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर माझ्या तरी आला असता का, कोण जाणे. बंद दारातली पन्नास माणसं समोर असताना बाहेरचं जग आठवत नाही.

घड्याळ अकरा मिनिटं पुढं

गुन्हा त्याच संध्याकाळी वर्ग झाला. तिकडच्या ठाण्यातल्या महिला उपनिरीक्षकांकडं तपास आला आणि त्यांनी सोमवारी सकाळीच स्थानकावरचं सीसीटीव्ही बघितलं. चार दिवस उशीर झाला असता तरी चाललं असतं असं समजू नका. रेकॉर्डर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि किती दिवसांनी ते यंत्रागणिक बदलतं.

चित्रात आजी बसच्या दारात दिसल्या. एक पाय पायरीवर, पिशवी मागं लोंबकळलेली. पाठीला चिकटून काठापदराच्या साडीतली, गजरा माळलेली, हातावर शाल घेतलेली एक बाई. लग्नाला निघाल्यासारखी. तिच्या बाजूला एक पोरगा गर्दीला रेटा देतोय. आजी आत गेल्या, आणि ही बाई मागं वळून दाभोळकर कॉर्नरच्या दिशेनं चालू लागली. बसमध्ये चढलीच नाही. गाठोडंवाल्या दोघी त्याआधी आठ मिनिटं मागच्या बाकावर जाऊन बसलेल्या दिसत होत्या.

पण पडद्यावर वेळ होती ११.२७. आणि वाहतूक नियंत्रकाच्या नोंदवहीत बस सुटल्याची वेळ ११.२०. म्हणजे बस गेल्यावर सात मिनिटांनी आजी तिच्यात चढल्या! असा पुरावा कोर्टात गेला असता तर आरोपीच्या वकिलाला फार बोलावंच लागलं नसतं. महिला उपनिरीक्षकांनी पंचांसमक्ष रेकॉर्डरचं घड्याळ खऱ्या वेळेशी ताडून बघितलं. ते अकरा मिनिटं पुढं होतं. ११.२७ म्हणजे खरे ११.१६. पंचनाम्यात ही एक ओळ आली आणि गाठ सुटली. सीसीटीव्ही ताब्यात घेताना घड्याळ ताडून बघा, हे मी इतक्यांदा सांगतो की पोरं माझी नक्कल करतात.

चित्रणाची प्रत नुसती पेनड्राइव्हवर घेऊन भागत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांचं. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचं, दुसरं तज्ज्ञाचं, आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा बोटाच्या ठशासारखा ओळख-आकडा. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या प्रमाणपत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जो निकाल दिला, तो आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून आलेला आहे. तेव्हा हे दिल्लीचं काहीतरी लांबचं आहे असं म्हणायची सोय महाराष्ट्रात कोणाला नाही.

तोंडचे शब्द

सहा आठवड्यांनी शेजारच्या जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखेनं अशाच एका गुन्ह्यात एक बाई पकडली. गजऱ्याशिवाय होती, पण चित्राशी ताडून बघितल्यावर ओळख पटली. न्यायालयाच्या परवानगीनं कोल्हापूरच्या पथकानं ताबा घेतला. अटकेची कारणं लेखी, तिला समजेल अशा भाषेत दिली, नातेवाइकाला कळवलं, वैद्यकीय तपासणी केली. हे सगळं नीट झालं म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे आरोपी पंचांसमोर जे सांगतो ते लिहून घेतलेल्या कागदावर, मात्र लिहायला हवं. पंचांसमोर ती म्हणाली, "ते गंठण ज्या दुकानात इकलं ते दुकान दावते, चला." लेखनिकानं कागदावर लिहिलं, "सदर गुन्ह्यात चोरी केलेले सोन्याचे गंठण मी विक्री केलेल्या सराफाचे दुकान दाखविते." वाचायला बरं वाटतं. पण पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकानं फक्त तेवढाच भाग चालतो ज्यातून वस्तू प्रत्यक्ष सापडली. कोट्टया प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या शेवटच्या अपिलाच्या न्यायालयानं, घालून दिलेली ही रेघ अजून तशीच आहे. "चोरी केलेले" हा शब्द कोर्ट खोडणार, आणि वर विचारणार की बाई बोलली कोल्हापुरी आणि कागदावर ही सरकारी मराठी कुठून आली? महिला उपनिरीक्षकांनी तो कागद रद्दीत न टाकता त्यावर रेघ मारून, पंचांच्या सह्या घेऊन फाइलला ठेवला आणि दुसरा, तिच्याच शब्दांत लिहून घेतला. मला ही फार आवडलेली गोष्ट आहे. चूक लपवली असती तर ती उलटतपासणीत बाहेर आलीच असती.

दुकानात गंठण मिळालं. बोरमाळ आटवली गेली होती. गंठणाचं वजन भरलं २८.९ ग्रॅम. फिर्यादीत कोणी २५ ग्रॅम लिहिलं असतं तर हे दुसरंच गंठण आहे असं म्हणायला जागा होती. अडीच जुने तोळे म्हणजे २९.१६ ग्रॅम, त्यातून पन्नास वर्षांची झीज वजा. ओळख पटवण्यासाठी तशीच दिसणारी चार गंठणं शेजारी मांडली. आजींनी एकाकडंही नीट न बघता पाचव्याचा फासा उलटा करून तार दाखवली.

व्हॉट्सॲपवरचे फोटो त्या शिपायाच्या मोबाइलवरून काढायला लावले, पण गटातून पुढं कुठं गेले ते कोण सांगणार? ठाणे दैनंदिनीतली नोंद खोडता येत नाही, येऊही नये. पहिल्या उपनिरीक्षकांनी सीसीटीव्हीचा निष्कर्ष कळल्यावर त्याच दैनंदिनीत नवी नोंद केली, जुन्या नोंदीचा क्रमांक देऊन, की त्या दोन महिलांचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचं निष्पन्न झालं आहे. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एकदा मला विचारलं, "सर, मणी उचलायला मी खाली वाकलो नाही. वाकायला पाहिजे होतं का?" मी म्हटलं, "हो."

गंठण परत मिळायला सप्टेंबर उजाडला. मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात पडू नये म्हणून सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये वर्णनपत्र, फोटो आणि त्यानंतर तीस दिवसांत आदेश असं वेळापत्रक घातलं आहे. मौल्यवान वस्तू मूळ मालकाला लवकर द्याव्यात हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं होतं. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात आजींनी सुपूर्तनाम्यावर सही केली. अट अशी की खटला संपेपर्यंत वस्तू विकायची नाही, स्वरूप बदलायचं नाही, मागितल्यावर हजर करायची.

लग्न केव्हाच झालं होतं. आजींनी कारकुनाला विचारलं, "साहेब, दिवाळसणाला नातीच्या गळ्यात घालायचं हाय. ह्यो फासा तेवढा नीट करून घेतला तर चालंल का?"

"नाही आजी. तार काढायची नाही. तीच तर ओळख आहे."

दिवाळसणाला नातीनं ते घातलं, तांब्याच्या तारेसकट. तार मानेला टोचते म्हणून तिच्यावर लाल रेशमाचा धागा गुंडाळला होता. धागा गुंडाळणं स्वरूप बदलण्यात येतं का, हे विचारायला आजींचा जावई सरकारी वकिलांकडं गेला होता. येत नाही, असं त्यांनी सांगितलं.